रॉबर्ट स्टीफन्सन : पुलावरच्या भाराचा हिशेब

मुंबई-ठाणे मार्गावर १६ एप्रिल १८५३ रोजी पहिली प्रवासी गाडी धावली. ती चालविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे लंडनमधील सल्लागार अभियंता होते रॉबर्ट स्टीफन्सन. याच कंपनीचे रूळ पुढे जळगाव, भुसावळपर्यंत पोहोचले. ते पाहण्यास मात्र स्टीफन्सन हयात नव्हते.

१६ ऑक्टोबर १८०३ रोजी न्यूकॅसलजवळ जन्मलेल्या रॉबर्ट यांनी वडील जॉर्ज यांच्याकडून यंत्रविद्येचा वारसा घेतला. १८२९ मध्ये त्यांच्या कारखान्यातील 'रॉकेट' इंजिनाने रेनहिलची स्पर्धा जिंकली. लंडन-बर्मिंगहॅम लोहमार्ग त्यांनी १८३८ मध्ये पूर्ण केला आणि ब्रिटनमधील अग्रगण्य अभियंत्यांत त्यांची गणना होऊ लागली.

या लौकिकाला धक्का बसला तो २४ मे १८४७ रोजी. चेस्टरजवळ डी नदीवर त्यांनी ओतीव लोखंडाच्या तुळयांचा पूल बांधला होता. इंजिनाच्या ठिणग्यांनी लाकडी तळ पेटू नये म्हणून त्यांच्याच सूचनेवरून त्यावर सुमारे पाच इंच जाडीची खडी पसरण्यात आली. त्याच संध्याकाळी गाडी जात असताना तुळई मोडली आणि पाच जणांचा बळी गेला. गाडी घसरून तुळईवर आदळली, असा स्टीफन्सन यांचा बचाव होता. परंतु वारंवार वाकण्याने तुळई आधीच कमकुवत झाली असावी, असे सरकारी तपासात दिसून आले.

योगायोग असा, की त्याच काळात ब्रिटानिया पुलासाठी त्यांचे सहकारी भल्यामोठ्या प्रतिकृतीवर भार चढवून ती मोडेपर्यंत चाचण्या घेत होते. नव्या पुलाची अशी कसून परीक्षा झाली. आधीच वापरात असलेल्या, परिचित पद्धतीच्या पुलावर वाढविलेले वजन मात्र तपासले गेले नाही. ब्रिटानिया पूल १८५० मध्ये खुला झाला. डी दुर्घटनेनंतर नेमलेल्या शाही आयोगाने १८४९ मध्ये अहवाल दिला. एकाच वेळी सहज पेलणारा भार वारंवार पडला तर लोखंड मोडू शकते आणि चालत्या गाडीचा भार स्थिर भारापेक्षा अधिक ताण देतो, हे त्यातील प्रयोगांनी दाखविले. १२ ऑक्टोबर १८५९ रोजी स्टीफन्सन यांचे निधन झाले. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये त्यांचे दफन झाले.

मेहरूणसह सर्व जळगावकरांना शहरातून जाणाऱ्या सुरत-नागपूर महामार्गावरील अवजड मालमोटारी परिचित आहेत. केंद्र सरकारने २०१८ मध्ये चार चाकांच्या एका आसाला परवानगी असलेला भार १०.२ टनांवरून ११.५ टनांवर नेला; त्याहून अधिक माल भरला जातो तो वेगळाच. जुन्या पुलावर मोजून भार ठेवणे, तो किती वाकतो आणि भार उतरविल्यावर किती पूर्ववत होतो हे नोंदविणे, ही चाचणी त्यामुळे औपचारिकता राहत नाही. पूल काल टिकला, एवढ्यावरून तो उद्याही टिकेल असे ठरत नाही. डी नदीवरील पूलही आदल्या दिवसापर्यंत उभाच होता.