दुट्ठगामणी

दुट्ठगामणी अभय (सिंहली रूप : दुतुगमुणू) हा प्राचीन श्रीलंकेचा राजा होता. त्याची राजवट सामान्यतः इ.स.पू. 161 ते 137 अशी मानली जाते. चोळ देशातून आलेल्या एळार राजाचा पराभव करून त्याने अनुराधपूर जिंकले आणि बेट एकछत्री अंमलाखाली आणले. बौद्ध धर्माच्या रक्षणासाठी शस्त्र उचलावे की नाही, या वादात त्याचे चरित्र आजही साक्षीला काढले जाते.

त्याच्याविषयीची माहिती प्रामुख्याने ‘महावंस’ या पाली ग्रंथातून मिळते. हा ग्रंथ घटनांनंतर सुमारे सहाशे वर्षांनी रचला गेला. त्याच्या 37 अध्यायांपैकी 11 अध्याय या एका राजाला दिलेले आहेत. त्याहून जुन्या ‘दीपवंसा’त मात्र त्याची कथा थोडक्यातच आटोपते. त्यामुळे पुढील वृत्तान्तात इतिहास किती आणि भाविक रचना किती, हा विवेक वाचकाने ठेवावा.

== पूर्वायुष्य ==

दक्षिणेकडील रोहण प्रांतात महागाम येथे काकवण्णतिस्स राजा आणि विहारमहादेवी यांच्या पोटी त्याचा जन्म झाला. राजाने गामणी आणि धाकटा तिस्स या दोघा मुलांना भाताचे घास देऊन तीन शपथा घ्यावयास सांगितल्या. भिक्षूंचा अवमेर करणार नाही आणि भावाभावांत भांडणार नाही, या दोन त्यांनी घेतल्या. तमिळांशी कधीही युद्ध करणार नाही, ही तिसरी दोघांनीही नाकारली. गामणी अंथरुणावर हातपाय आखडून निजला. आईने कारण विचारता, एकीकडे तमिळ आणि दुसरीकडे समुद्र असताना पाय पसरावेत कोठे, अशा आशयाचे उत्तर त्याने दिले. पुढे बापाने युद्धाला परवानगी नाकारली, तेव्हा त्याने बापाकडे बायकी दागिने पाठवून त्याचा उपहास केला आणि राजाच्या कोपाला भिऊन तो डोंगराळ मुलखात पळाला. या उद्धटपणामुळे त्याच्या नावामागे ‘दुट्ठ’, म्हणजे दुष्ट किंवा रागीट, हे विशेषण कायमचे चिकटले.

बापाच्या मृत्यूनंतर भावाभावांत न भांडण्याची शपथही मोडली. दोघांत रक्तपात झाला. पराभूत तिस्स विहारात शिरला आणि भिक्षूंनी त्याला मंचकावर झाकून बाहेर नेले. ते ओळखूनही गामणीने भिक्षूंवर हात टाकला नाही. अखेर एका थेराने दोघांचा समेट घडवून आणला.

== एळाराशी युद्ध ==

आपला खटाटोप राज्यसुखासाठी नसून बुद्धशासनाच्या प्रतिष्ठेसाठी आहे, असे गामणीने घोषित केले. त्याने भाल्यात बुद्धाचा धातू (अवशेष) बसवला आणि पाचशे भिक्षू सैन्याबरोबर घेतले. प्राणिहत्येपासून विरती हे ज्या धर्माचे पहिले शील, त्याचे भिक्षू रणयात्रेत चालले, हे चित्र अभ्यासकांना सर्वाधिक अस्वस्थ करणारे आहे.

ज्याच्यापासून धर्म वाचवायचा होता, त्या एळाराचे महावंसाने केलेले वर्णन तर त्याहून विचार करायला लावणारे आहे. त्याने 44 वर्षे शत्रू-मित्र असा भेद न करता न्याय केला. रथाखाली वासरू चिरडल्याबद्दल त्याने स्वतःच्या पुत्राला देहदंड दिला. रथाचा धक्का लागून स्तूपाचे काही दगड निखळले, तेव्हा त्याने खाली उतरून आपले मस्तक उडवावे अशी विनंती केली आणि पुढे स्तूप दुरुस्त करून दिला. तो बौद्ध नव्हता, एवढाच दोष ग्रंथकार त्याला लावतो. स्वसंरक्षणाचे समर्थन करणाऱ्या ग्रंथातच त्या समर्थनाला छेद देणारा हा पुरावा आहे.

विजितनगराचा वेढा चार महिने चालला. अखेरीस अनुराधपुराच्या दक्षिण दरवाजाजवळ दोन्ही राजे हत्तींवरून समोरासमोर आले. आपल्याखेरीज कोणीही एळाराला मारू नये, अशी दवंडी गामणीने आधीच पिटवली होती. वृद्ध एळार द्वंद्वात पडला. विजेत्याने त्याचे अंत्यसंस्कार सन्मानाने केले, त्या जागी स्मारक उभारले आणि तेथून जाताना वाद्ये थांबवावीत असा दंडक घातला. महावंसाच्या काळीही राजे तो पाळत होते.

== पश्चात्ताप ==

विजयानंतर प्रासादाच्या गच्चीवर सुखोपभोगात बसलेल्या राजाला मारल्या गेलेल्या सेनेच्या आठवणीने चैन पडेना. ग्रंथानुसार, पियंगुदीपाहून आठ अर्हंत त्याचे सांत्वन करण्यास आले. प्रत्यक्षात दीडच माणूस मारला गेला, असा त्यांचा निर्वाळा होता : एकाने त्रिशरण घेतले होते, दुसऱ्याने पंचशीलेही, बाकीचे मिथ्यादृष्टी असल्याने पशुवत् होत. हा निर्वाळा बुद्धाच्या शिकवणीशी मुळीच जुळत नाही. श्रीलंकेतील विद्वान भिक्षू वाल्पोल राहुल यांनीही तो तिच्या थेट विरुद्ध असल्याचे म्हटले आहे. तथापि ग्रंथकाराने राजाची व्याकुळता लपवली नाही, हेही नोंदवले पाहिजे. हत्या सर्वस्वी निर्दोष असती, तर सांत्वनाची गरजच नव्हती.

== बांधकामे आणि मृत्यू ==

मरिचवट्टी स्तूप, ताम्रपत्र्याच्या छपरामुळे नाव पडलेला नऊ मजली लोहपासाद आणि महाथूप (रुवन्वेलिसाय) ही त्याची प्रमुख बांधकामे. लोहपासादासाठी वेठबिगार न घेता मजुरी देण्याची त्याने आज्ञा केली होती. महाथूप पूर्ण होण्याआधीच तो मरणासन्न झाला. तेव्हा भाऊ तिस्साने अपुरा भाग पांढऱ्या वस्त्राने झाकून स्तूप पुरा झाल्याचा आभास निर्माण केला आणि राजाने पालखीतून त्याचे दर्शन घेतले. पुत्र सालीने चांडाळ कन्येवरील प्रेमापायी राज्य सोडल्यामुळे गादी तिस्साकडे, म्हणजे सद्धातिस्साकडे गेली.

== नंतरचे पडसाद ==

विसाव्या शतकात या कथेला सिंहली-तमिळ वांशिक युद्धाचा रंग चढला. महावंसातील एळाराचा गौरव त्यात मागे पडला. एळाराच्या बाजूने सिंहली सरदारही लढले असावेत, असे काही इतिहासकार मानतात. श्रीलंकेच्या सैन्यात ‘गेमुणू वॉच’ ही पलटण या राजाच्या नावाने आहे. तर ऑक्टोबर 2007 मध्ये अनुराधपुराच्या हवाई तळावर केलेल्या हल्ल्याला तमिळ वाघांनी एल्लाळन, म्हणजे एळार, याचे नाव दिले होते.