तात्पुरत्या घराची गोष्ट

लंडन पाहून आलेल्या मंडळींना बॅटरसी हे नाव आठवतं ते तिथल्या चार उंच धुराड्यांच्या जुन्या वीजकेंद्रामुळे. त्या वीजकेंद्राच्या शेजारीच हरवलेल्या, टाकून दिलेल्या कुत्र्यामांजरांचं एक घर आहे. १८६०पासून आजवर तीस लाखांहून अधिक जनावरांनी त्याचा उंबरठा ओलांडला. ज्या बाईने हे घर काढलं, तिने मात्र बॅटरसीची ही जागा कधी पाहिलीच नाही. घर तिथे हललं त्याच्या सहा वर्षं आधीच ती गेली होती.

मेरी टील्बी हे तिचं नाव. तिकडे प्राण्यांसाठी काम करणाऱ्यांत ते आदराने घेतलं जातं. आपल्याकडे फारसं कुणी घेत नाही. मी गेली काही वर्षं आमच्या गावातल्या अशाच एका छोट्या संस्थेचं पावतीपुस्तक आणि खतावणी सांभाळतो. तांदळाचं पोतं, कोंबडीचे पाय, खरजेचं औषध, रेबीजची लस, रिक्षाचं भाडं असा सगळा खर्च माझ्या हाताखालून जातो. त्यामुळे टील्बीबाईंच्या चरित्रात मला त्यांच्या करुणेपेक्षा त्यांच्या व्यवहाराचं अधिक कौतुक वाटतं. कुत्र्याची दया अनेकांना येते. त्या दयेला नियम, समिती आणि जमाखर्च जोडण्याचं काम मात्र थोड्यांनाच सुचतं.

त्यांचा जन्म १८०१ सालचा, इंग्लंडमधल्या हंटिंग्डनचा. माहेरचं आडनाव बेट्स. लग्न झालं ते हल बंदरातल्या एका लाकडाच्या व्यापाऱ्याशी. हा संसार टिकला नाही. मूलबाळ नव्हतं. नवऱ्यापासून वेगळ्या होऊन त्या लंडनला भावाकडे राहायला आल्या. भाऊ एडवर्ड बेट्स हे धर्मोपदेशक होते. लग्न झालेल्या बाईची मिळकत कायद्याने नवऱ्याची मानली जाण्याचा तो काळ. नवऱ्याचं घर सोडून भावाच्या आश्रयाला राहणाऱ्या, साठीला टेकलेल्या बाईला समाजात स्थान ते काय असणार! आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतून अशा आत्या-मावश्या आपण पाहिल्या आहेत. घरात सगळ्यांना लागतात, पण त्यांच्या नावावर काही नसतं. या अशा स्थितीतल्या बाईने एक संस्था उभी केली, हे विसरून तिचं चरित्र वाचता येणार नाही.

त्या राहत होत्या तो लंडनच्या उत्तरेकडचा इझ्लिंग्टन-हॉलोवेचा भाग. शहराची वस्ती तेव्हा २८ लाखांवर गेली होती. आगगाड्या आल्या, नव्या चाळी उठल्या, जवळच १८५५ साली गुरांचा मोठा बाजार भरू लागला. माणसं जशी कामाच्या शोधात शहरात येऊन हरवत होती, तशी कुत्रीही. श्रीमंतांघरची कुत्री तर पळवली जात. चोर चिठ्ठी पाठवून खंडणी मागत आणि ती पोचली की कुत्रं परत येई. एलिझाबेथ बॅरेट ब्राउनिंग या कवयित्रीचं फ्लश नावाचं कुत्रं असं तीनदा पळवलं गेलं आणि तिन्ही वेळा पैसे मोजून सोडवावं लागलं. गरिबाच्या किंवा कुणाच्याच नसलेल्या कुत्र्यासाठी खंडणी कोण देणार? ती गटाराकडेला पडून मरत. पिसाळलेल्या कुत्र्याच्या दंशावर तेव्हा इलाज नव्हता. पाश्चर यांची लस १८८५ची. त्यामुळे रस्त्यावरचं कुत्रं म्हणजे लोकांना भीतीच वाटे, आणि ती भीती खोटी नव्हती.

१८६० साली टील्बीबाईंच्या एका मैत्रिणीला रस्त्यात उपासमारीने कोलमडलेलं कुत्रं सापडलं. तिने ते उचलून घरी नेलं. दोघींनी मिळून त्याची शुश्रूषा केली, पण ते वाचलं नाही. आपल्यापैकी बहुतेकांच्या बाबतीत गोष्ट इथे संपते. चार दिवस वाईट वाटतं, मग आपण आपल्या उद्योगाला लागतो. टील्बीबाई मात्र आणखी कुत्री घरी आणू लागल्या. स्वयंपाकघरामागच्या भांडी घासायच्या खोलीत त्यांची सोय झाली. ती खोली भरली, तेव्हा हॉलोवेतल्या हॉलिंग्सवर्थ स्ट्रीटवरच्या तबेल्यांची जागा मिळवली आणि १८६०च्या ऑक्टोबरात तिथे घर सुरू झालं. त्याला नाव दिलं हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांचं तात्पुरतं घर.

या नावातला तात्पुरतं हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. आश्रम म्हटलं की आलेलं जनावर मरेपर्यंत तिथेच राहणार असं आपण गृहीत धरतो. बाईंनी ते पहिल्याच दिवशी नाकारलं. हे घर म्हणजे वाटेवरची धर्मशाळा होती. मालक सापडला तर त्याच्याकडे, नाही तर नव्या मालकाकडे जाण्याआधी चार दिवस टेकण्याची जागा. नोव्हेंबरात प्राण्यांवरील क्रूरतेला प्रतिबंध करणाऱ्या राजमान्य संस्थेच्या पॉल मॉलवरच्या कचेरीत समितीची सभा भरली. भाऊ एडवर्ड मानद चिटणीस झाले. पाठोपाठ नियम जाहीर झाले.

ते नियम आजही वाचण्यासारखे आहेत. मालक आला तर खाण्यापिण्याचा खर्च भरून त्याने कुत्रं न्यावं. वर्गणीदाराचं कुत्रं असेल तर काही न घेता द्यावं. चौदा दिवसांत कुणी आलं नाही, तर समितीच्या हुकमाने ते विकून खर्च भागवावा किंवा त्याची अन्य विल्हेवाट लावावी. आणि सगळ्यांत शहाणा नियम असा, की कुत्रं आणून देणाऱ्याला बक्षीस म्हणून छदामही मिळणार नाही. बक्षीस ठेवलं असतं, तर दुसऱ्याच दिवसापासून लोकांची पाळलेली कुत्री पळवून ती हरवलेली म्हणून दारात आणून बांधण्याचा धंदा सुरू झाला असता.

या नियमाचं मोल मुंबईकराने तरी ओळखावं. तिथे त्याआधी अठ्ठावीस वर्षं, म्हणजे १८३२ साली, याच्या नेमकं उलट घडलं होतं. मोकाट कुत्री मारण्यासाठी सरकारने दर कुत्र्यामागे आठ आणे लावले होते. पैशाच्या लोभाने शिपाई पाळलेल्या कुत्र्यांवरही हात टाकू लागले. कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज खवळला, जूनमध्ये कोटात दंगल झाली, दुकानं बंद पडली आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीची रसद अडली. लंडनमध्ये पैसा वाचवण्याच्या नावाने मिळाला असता, मुंबईत तो मारण्यासाठी मिळत होता. पण जनावराच्या डोक्यावर भाव लागला की ते कुणाचं आहे, रोगी आहे की धडधाकट, हे बघायला कुणी थांबत नाही. टील्बीबाईंना मुंबईची हकिगत ठाऊक असण्याचं कारण नाही. त्यांना त्यांच्या शहरातले चोर ठाऊक होते, तेवढं पुरलं.

घर उघडलं आणि टिंगल सुरू झाली. टाइम्ससारख्या मातब्बर पत्राने या मंडळींचं डोकं ठिकाणावर आहे का, अशी शंका घेतली. ज्या शहरात माणसांची पोरं उघड्यावर झोपतात, तिथे कुत्र्यांना घर म्हणजे भावुकपणाची हद्द झाली, असा एकूण सूर होता. हा आक्षेप मलाही दर महिन्याला वर्गणी मागताना ऐकावा लागतो. त्याला हसून उडवणं बरं नाही. त्यात माणसाच्या दुःखाची खरी चाड असू शकते. पण माझा अनुभव असा, की आमच्याकडे रविवारी पिंजरे धुवायला येणाऱ्यांतलेच दोघे-तिघे एरवी रक्तदानाला आणि सरकारी दवाखान्यात रुग्णांना डबे पोचवायला पुढे असतात. दया म्हणजे रेशनचं रॉकेल नव्हे, की इकडे ओतलं म्हणून तिकडे कमी पडावं.

रॉकेल नसलं तरी पैसा मात्र संपतो. टील्बीबाईंच्या घराला तो पहिल्यापासूनच अपुरा पडला. कुत्री येत राहिली, रखवालदाराचा पगार, खाणं, जागेचं भाडं वाढत राहिलं. मदतीचा हात आला तो अनपेक्षित दिशेने. १८६२च्या ऑगस्टमध्ये चार्ल्स डिकन्स यांच्या साप्ताहिकात कुत्र्यांच्या दोन प्रदर्शनांवर एक निनावी लेख आला. एक प्रदर्शन इझ्लिंग्टनच्या नव्या दालनातलं, उंची जातीच्या, लाडावलेल्या कुत्र्यांचं. दुसरं जवळच्याच हॉलोवेतलं, जिथे कुणी बक्षीस द्यायला येणार नव्हतं. लेखकाने दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आणि वाचकाला लाजवलं. लोकांची नजर हळूहळू बदलली, वर्गणीदार वाढले.

बाईंना मात्र फार दिवस लाभले नाहीत. कर्करोगाने त्या खंगत गेल्या आणि ३ ऑक्टोबर १८६५ रोजी बेडफर्डशायरमधल्या बिगल्सवेड या लहानशा गावी वारल्या. घर काढल्याला जेमतेम पाच वर्षं झाली होती. एखादी संस्था एका माणसाच्या जिद्दीवर चालते, तेव्हा तो माणूस गेला की ती सहा महिन्यांत बसते. आमच्याच तालुक्यात एका आजींच्या पश्चात त्यांच्या अंगणातली वीस-बावीस मांजरं दोन महिन्यांत पांगली. हॉलोवेचं घर बसलं नाही, कारण ते टील्बीबाईंचं राहिलंच नव्हतं. ते समितीचं झालं होतं, त्याला वह्या होत्या आणि नियम होते.

पुढची कथा सरळ नाही, आणि ती गाळली तर हे चरित्र गोडगोड होईल. १८६७च्या कायद्याने लंडनच्या पोलिसांना मोकाट कुत्री पकडण्याचा अधिकार दिला. तीन दिवसांत मालक आला नाही, तर कुत्रं विकावं नाही तर मारावं, अशी त्यात तरतूद होती. पोलिसांनी धरलेली कुत्री या घराकडे येऊ लागली. भुंकण्याला शेजारी कंटाळले होतेच. १८७१ साली घर बॅटरसीला गेलं. १८८३पासून मांजरंही घेतली जाऊ लागली. १८८५ साली व्हिक्टोरिया राणी आश्रयदात्या झाल्या. पण मधल्या १८८४ साली त्याच आवारात वायू सोडून कुत्र्यांना मरण देण्याची खोलीही बांधली गेली. रस्त्यावर काठीने मरण्यापेक्षा ते मरण सुसह्य, हा तेव्हाचा युक्तिवाद होता. तात्पुरतं घर कितीतरी जनावरांच्या बाबतीत अखेरचं ठरलं. बाईंच्या नियमातल्या अन्य विल्हेवाट या दोन शब्दांचा तो अर्थ होता.

त्यांना दोष देण्याआधी मी आमच्या फाटकाकडे पाहतो. पावसाळ्यात एखाद्या पहाटे तिथे खोक्यात पिल्लं ठेवलेली असतात आणि आत जागा नसते. नाही म्हणण्याचं काम कुणीतरी करायचंच असतं. फरक एवढाच, की आपल्या हातात आज लस आहे आणि नसबंदी आहे. टील्बीबाईंच्या हातात यांतलं काही नव्हतं. २००१ साली केंद्र सरकारने नियम केले, की मोकाट कुत्र्याची नसबंदी करावी, लस टोचावी आणि त्याला त्याच्या जागी परत सोडावं. २०२३ साली नवे नियम आले तरी सूत्र तेच राहिलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतली सगळी भटकी कुत्री निवाऱ्यांत हलवण्याचा आदेश दिला. पंधरवड्याच्या आतच त्यात बदल झाला; पिसाळलेली आणि हल्लेखोर कुत्री वगळून बाकीची, नसबंदी आणि लसीनंतर, परत सोडावीत असं ठरलं. त्या दिवसांत दोन्ही बाजूंनी मोर्चे निघाले, भाषणं झाली. इतक्या जनावरांसाठी निवारे आहेत कुठे, ते चालवायचे कुणी आणि कशाच्या जोरावर, हा हॉलोवेचाच प्रश्न दीडशेहून अधिक वर्षांनी आपल्या दारात उभा होता.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो. ती ऐकून डोळे पाणावतात, आणि ते योग्यच आहे. पण ते कुत्रं दुसऱ्या दिवशीही उपाशीच असणार. त्याच्या मागे आणखी दहा येणार, आणि तूप संपणार. त्या दुसऱ्या दिवसाची तजवीज करणारी माणसं गोष्टीत येत नाहीत. ती वर्गणी गोळा करतात, भाडं थकवत नाहीत, शेजाऱ्यांची बोलणी खातात आणि आपल्या माघारी किल्ली कुणाकडे द्यायची हे आधीच ठरवून ठेवतात. मेरी टील्बी त्यांतल्या एक. त्यांच्या घराची किल्ली गेली दीडशे वर्षं हातोहात फिरते आहे, आणि बॅटरसीच्या त्या दारात आजही कुणीतरी हरवलेलं जनावर घेऊन येतंच आहे.