विमानांना रस्ता दाखवणारी काळी वही: एलरे जेपेसनची गोष्ट

मोबाईलवर मॅप उघडला आणि रेंज गेली की आपली किती चिडचिड होते. फार तर एखादी गल्ली चुकते, चहाच्या टपरीवर विचारलं की काम होतं. आता विचार करा, तुम्ही विमान चालवताय, खाली डोंगर आहेत, समोर ढग आहेत आणि हातात आहे फक्त गाड्यांसाठी छापलेला रस्त्यांचा नकाशा. १९३० च्या आसपास अमेरिकेत टपाल नेणारे पायलट असेच उडायचे. रेल्वेचे रूळ दिसले की त्यांच्या मागे मागे जायचं, आणि दिसले नाहीत तर देवावर भरवसा.

एलरे जेपेसन हा त्यांच्यातलाच एक. जन्म १९०७ चा, लुइझियाना राज्यातला. आईवडील डेन्मार्कहून आलेले. तो वाढला ऑरेगनमध्ये आणि पोरवयातच त्याला विमानाचं वेड लागलं. त्याच्या पायलट लायसन्सवर सही होती खुद्द ऑर्व्हिल राइटची! काही दिवस हवाई कसरती केल्या, मग विमानातून जमिनीचे फोटो काढायचं काम केलं आणि १९३० मध्ये तो टपाल नेणाऱ्या विमानांवर लागला. शायेन ते सॉल्ट लेक सिटी हा त्याचा मार्ग डोंगराळ होता आणि हिवाळ्यात तर जीवघेणाच. ओळखीचे पायलट एकेक करून गेले.

दहा सेंटची वही

जेपेसनने दहा सेंटला एक छोटी काळी वही विकत घेतली आणि उपयोगाचं दिसेल ते टिपायला सुरुवात केली. कुठलं मैदान किती लांब आहे, त्याचा उतार कुठे आहे, कडेला तारा आहेत का, दिवे आहेत का. सुट्टीच्या दिवशी तो उंची मोजायचं यंत्र घेऊन टेकड्यांवर, धुराड्यांवर आणि पाण्याच्या टाक्यांवर चढायचा. वाटेतल्या शेतकऱ्यांचे फोन नंबरही वहीत असायचे, म्हणजे हवामान कसं आहे ते थेट त्यांनाच विचारता यायचं. आजच्या भाषेत सांगायचं तर एकट्या माणसाने उभा केलेला डेटाबेस.

बाकीचे पायलट प्रती मागू लागले. आधी त्याने फुकट दिल्या, मग दहा डॉलरला विकल्या. १९३४ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या एका तळघरात कंपनी सुरू झाली. १९३६ मध्ये त्याचं नादीनशी लग्न झालं. ती विमानात स्टुअर्डेस होती आणि पुढे धंद्यातही तिने त्याला साथ दिली. १९४१ मध्ये बिऱ्हाड डेन्व्हरला गेलं. पायलटची नोकरी त्याने १९५४ पर्यंत सोडली नव्हती.

कागद बरोबर, अर्थ वेगळा

त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे अप्रोच चार्ट. त्यात विमानतळाकडे येण्याचा मार्ग दोन प्रकारे काढलेला असतो, एकदा वरून आणि एकदा बाजूने, पायऱ्यांसारखा. कुठल्या टप्प्यावर किती उंचीच्या खाली यायचं नाही, हे त्यावर लिहिलेलं असतं. कंट्रोलर अप्रोचसाठी क्लिअर आहात असं सांगतो आणि पायलट चार्ट बघून उतरतो.

पण क्लिअर म्हणजे नक्की काय? लगेच खाली या, की चार्टवरच्या उंच्या पाळत या?

१ डिसेंबर १९७४ ला हा प्रश्न ९२ जणांच्या जिवावर बेतला. टीडब्ल्यूएचं ५१४ नंबरचं बोईंग ७२७ वॉशिंग्टनला निघालं होतं. जोरदार वाऱ्यामुळे ते डलस विमानतळाकडे वळवलं गेलं. धावपट्टी सुमारे ४४ नॉटिकल मैल लांब असतानाच अप्रोचचं क्लिअरन्स मिळालं. क्रूला वाटलं, आपण रडारवर आहोत, म्हणजे आता १,८०० फुटांपर्यंत उतरायला हरकत नाही. चार्टवर मात्र ती उंची राउंड हिल नावाच्या बिंदूच्या पुढच्या टप्प्यासाठी होती आणि अलीकडे ३,४०० फूट लिहिलं होतं. कॅप्टनच्या नजरेला हे पडलंही होतं, पण क्लिअरन्स मिळालंय म्हणजे चालेल, असा अर्थ त्याने लावला. कंट्रोलरच्या समजुतीप्रमाणे उंची सांभाळणं हे पायलटचं काम होतं. विमान माउंट वेदर डोंगरावर आदळलं. एकही जण वाचला नाही.

सुमारे सहा आठवडे आधी याच ठिकाणी युनायटेडचं एक विमान असंच थोडक्यात वाचलं होतं. पण ती माहिती त्यांच्याच कंपनीत राहिली, टीडब्ल्यूएपर्यंत पोचलीच नाही. म्हणून १९७६ मध्ये नासाची अशी व्यवस्था सुरू झाली, जिथे कुठल्याही कंपनीचा पायलट नाव उघड न होता चूक कळवू शकतो. जमीन जवळ आली की ओरडणारं यंत्र मोठ्या प्रवासी विमानांत सक्तीचं झालं. आणि चार्टवरच्या मार्गाला लागेपर्यंत कोणती उंची राखायची, हे कंट्रोलरने स्पष्ट सांगायचं असा नियम झाला.

मी कोड लिहितो. एकदा एका एपीआयच्या कागदात एक शब्द होता, आमच्या टीमने त्याचा एक अर्थ घेतला आणि समोरच्यांनी दुसरा. आमचं नुकसान एका रात्रीच्या झोपेचं झालं. म्हणून ही गोष्ट वाचताना मला ते ३,४०० फूट राहून राहून आठवतात. माहिती लिहिलेली होती. ती कोणी पाळायची, यावर दोघांचं कधी बोलणंच झालं नव्हतं.

जेपेसनने १९६१ मध्ये कंपनी विकली आणि २६ नोव्हेंबर १९९६ ला तो गेला. डेन्व्हर विमानतळाच्या टर्मिनलला त्याचंच नाव आहे. त्याचे चार्ट आता कॉकपिटमधल्या टॅबलेटवर दिसतात. पुढच्या वेळी ढगातून विमान खाली येताना कान बंद झाले, तर त्या काळ्या वहीची आठवण काढा.