रायपूरचे रंगकर्मी हबीब तन्वीर

नागपूर ही मध्यप्रांत व वऱ्हाडची राजधानी होती, त्या काळात रायपूरचे अनेक विद्यार्थी उच्च शिक्षणासाठी तेथे येत. मॉरिस महाविद्यालयातून १९४४ साली पदवी घेणारे हबीब अहमद खान त्यांपैकीच एक. १ सप्टेंबर १९२३ रोजी रायपूर येथे त्यांचा जन्म झाला. काव्यलेखनासाठी घेतलेले तन्वीर हे उपनाम पुढे कायमचे झाले.

१९४५ मध्ये ते मुंबईस आले. नभोवाणीवर निर्माता, चित्रपटांसाठी गीतकार, पत्रकार आणि इप्टाचे कार्यकर्ते अशा अनेक भूमिका त्यांनी निभावल्या. १९५४ साली दिल्लीत त्यांनी 'आग्रा बाजार' रंगमंचावर आणले. नझीर अकबराबादींच्या कवितांवर आधारलेल्या या नाटकात जामियाच्या विद्यार्थ्यांबरोबर ओखल्याचे रहिवासीही होते. त्यानंतर ते नाट्यशिक्षणासाठी इंग्लंडला गेले.

मायदेशी परतल्यावर त्यांनी छत्तीसगडमधील सहा लोककलावंतांना दिल्लीत नेले आणि १९५९ मध्ये पत्नी मोनिका मिश्र यांच्यासह 'नया थिएटर' स्थापन केले. मात्र गावच्या रंगणात मोकळेपणाने वावरणारे हे कलावंत त्यांच्या नाटकात अवघडून जात. ही उणीव कलावंतांची नव्हती. आपण त्यांना परकी हिंदी बोलायला लावतो आणि आखलेल्या हालचालींत बांधून टाकतो, हे उमगण्यास तन्वीर यांना बरीच वर्षे लागली. एवढ्या मोठ्या दिग्दर्शकाने स्वतःची ही चूक मान्य करावी, हे विरळाच.

१९७३ मध्ये रायपूर येथे त्यांनी नाचा या लोकनाट्याची कार्यशाळा घेतली. नाचातील प्रहसनाला गम्मत म्हणतात; विदर्भातील वाचकांना खडी गंमत आठवेल. 'गाँव के नाँव ससुराल, मोर नाँव दामाद' हे नाटक याच कार्यशाळेतून, छत्तीसगडी बोलीत आणि लोकगीतांच्या चालींवर उभे राहिले.

विजयदान देथा यांनी लिहिलेल्या लोककथेवरील 'चरणदास चोर'चा आरंभीचा प्रयोग भिलाईत सतनामी समाजासमोर झाला. सत्यालाच ईश्वर मानणाऱ्या या समाजाची पंथी गीते त्यात आली. दिलेल्या वचनापायी प्राण गमावणारा हा चोर १९८२ मध्ये एडिंबरा महोत्सवात पुरस्काराचा मानकरी ठरला. फिदाबाई, गोविंदराम निर्मलकर यांच्यासारख्या कलावंतांना त्यामुळे सातासमुद्रापार रसिक मिळाले.

पद्मश्री, पद्मभूषण आणि राज्यसभेचे सदस्यत्व हे सन्मान तन्वीर यांना लाभले. 'पोंगा पंडित'च्या प्रयोगांवर १९९० च्या दशकापासून हल्लेही झाले, तरी त्यांनी प्रयोग थांबविले नाहीत.

८ जून २००९ रोजी भोपाळ येथे त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी सतनामी समाजातून आलेल्या आक्षेपांनंतर छत्तीसगड शासनाने 'चरणदास चोर'च्या पुस्तकावर बंदी घातली.