उल्हासकर दत्त आणि तुरुंगांतील वेड

अलीपूरच्या बाँबखटल्यांतील उल्हासकर दत्त हें नांव वाचकांस अपरिचित नाहीं. 1909 सालीं त्यांस फांशीची शिक्षा झाली. अपिलांत ती जन्मठेपेवर आली. गृहस्थ मोठे हंसतमुख. शिक्षा ऐकून कोर्टांतच गाऊं लागले. अंदमानांत त्यांस कोलूस जुंपलें, विटांच्या कामावर राबविलें. काम नाकारल्यावरून उभ्या हातकड्या चढविल्या. त्यांतच कडक ताप भरला, भ्रम होऊं लागले आणि बुद्धि ढळली. हें 1912 साल. त्याच सालीं तेथेंच इंदुभूषण राय यांनीं गळफास लावून घेतला.

सरकारनें वेडाचें खापर हिवतापावर फोडलें. (राय यांच्या गळफासास कोणता ताप कारण झाला?) वास्तविक, तुरुंगाच्या शिस्तीनें कैद्याच्या मनास अपाय होण्याचा संभव दिसतांच डॉक्टरानें लेखी कळवावें, असें 1894 च्या तुरुंग-कायद्याचें 14 वें कलम सांगतें. दत्तांस वेड लागल्यावर मद्रासेच्या वेड्यांच्या इस्पितळांत धाडलें. 1920 सालीं ते सुटले. 1965 सालीं वारले.

2017 च्या कायद्यान्वयें कैद्यांत मनोरुग्ण कोणी नाहीं, असा दाखला तुरुंगाच्या डॉक्टरानें दर तिमाहीस द्यावयाचा आहे. ते दाखले विधिमंडळाच्या सभासदांनीं मागवून वाचावेत.