जॉन न्यूटन : पश्चात्तापाची साक्ष

देव न्यायी आहे आणि दयाळूही आहे, अशी ख्रिस्ती धर्माची शिकवण आहे. न्यायी असल्यामुळे तो पाप क्षुल्लक मानत नाही आणि दयाळू असल्यामुळे पश्चात्ताप करणाऱ्याला दूर लोटत नाही. परंतु देवाने क्षमा केली म्हणून पूर्वीच्या अपराधाची जबाबदारी संपते का? अठराव्या शतकातील इंग्रज धर्मोपदेशक जॉन न्यूटन यांच्या जीवनात हा प्रश्न फार तीव्रतेने उभा राहिला.

न्यूटन यांचा जन्म १७२५ साली लंडन येथे झाला. वडील व्यापारी जहाजाचे कप्तान होते. आई धर्मनिष्ठ होती. पण मुलाला सात वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच ती निवर्तली. तारुण्यात न्यूटन यांना बळजबरीने आरमारात भरती करण्यात आले. तेथून पळताना ते पकडले गेले आणि त्यांना फटक्यांची शिक्षा झाली. पुढे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एका गुलाम-व्यापाऱ्याच्या चाकरीत त्यांनी उपासमार व अपमान सोसला. तरीही इतरांच्या बेड्यांचे दुःख त्यांना उमगले नाही.

१७४८ च्या मार्च महिन्यात मायदेशी परतताना त्यांचे जहाज अटलांटिक महासागरातील भयंकर वादळात सापडले. आजवर ज्या देवाची आपण निंदा केली, तो आपल्याला क्षमा करील का, या शंकेने ते व्याकूळ झाले. जहाज कसेबसे आयर्लंडच्या किनाऱ्याला लागले, तेव्हा ही देवाचीच दया होय, अशी त्यांची श्रद्धा झाली.

मात्र श्रद्धा जागली, तरी विवेक पुरता जागला नव्हता. १७५० ते १७५४ या काळात त्यांनी गुलामांच्या जहाजाचे कप्तान म्हणून तीन सफरी केल्या. जहाजाच्या तळाशी माणसे साखळदंडांनी जखडलेली असत आणि वर कप्तान प्रार्थनेत मग्न असे. १७५४ साली त्यांनी दर्यावर्दी जीवन सोडले, ते प्रकृती ढासळली म्हणून. त्या व्यापाराची लाज वाटली म्हणून नव्हे.

१७६४ मध्ये ते धर्मोपदेशक झाले. ओल्नी या गावी असताना त्यांनी कवी विल्यम कूपर यांच्यासह रचलेला स्तोत्रसंग्रह १७७९ साली प्रसिद्ध झाला. देवाच्या कृपेविषयीचे त्यांचे 'अमेझिंग ग्रेस' हे स्तोत्र पुढे जगभर गायले जाऊ लागले. १७८५ साली तरुण संसद-सदस्य विल्यम विल्बरफोर्स त्यांच्याकडे सल्ल्यासाठी आले. सार्वजनिक जीवनाचा त्याग न करता तेथेच राहून देवाची सेवा करावी, असे न्यूटन यांनी त्यांना सुचविले. हेच विल्बरफोर्स पुढे गुलामांच्या व्यापाराविरुद्धच्या लढ्याचे संसदेतील अग्रणी झाले.

अखेर १७८८ साली, समुद्र सोडल्यानंतर ३४ वर्षांनी, न्यूटन यांनी एक पुस्तिका लिहून त्या व्यापारातील क्रौर्य आणि स्वतःचा सहभाग उघडपणे मांडला. चौकशी समित्यांपुढेही त्यांनी साक्ष दिली. प्रतिष्ठित धर्मोपदेशकाने आपली लज्जास्पद गोष्ट चव्हाट्यावर मांडणे सोपे नव्हते. मार्च १८०७ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामांच्या व्यापारावर बंदी घातली आणि त्याच वर्षी २१ डिसेंबरला न्यूटन यांचे निधन झाले.

ज्यांना त्यांनी विकले, त्यांचे स्वातंत्र्य या कबुलीने परत आले नाही. न्यूटन यांनाही याची जाणीव होती. म्हणूनच देवाची क्षमा हे त्यांनी आपला भूतकाळ झाकण्याचे निमित्त केले नाही. त्या क्षमेच्या आधाराने त्यांनी सत्य सांगण्याचे, उशिरा का होईना, धैर्य दाखविले.