संग्रहालयामागचे डॉक्टर भाऊ दाजी

भायखळ्याच्या राणीच्या बागेत वाघ-हत्ती पाहून झाले, की शेजारच्या वस्तुसंग्रहालयात डोकावण्याची मुंबईकरांची जुनी रीत. १९७५ साली या संग्रहालयास डॉ. भाऊ दाजी लाड यांचे नाव देण्यात आले; तोवर त्यांना जाऊन शंभर वर्षे उलटली होती.

रामकृष्ण विठ्ठल लाड हे त्यांचे मूळ नाव. १८२२ साली गोव्यात जन्मलेले भाऊ मुंबईत शिकले आणि १८५१ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतून डॉक्टर झाले. गरिबांवर ते विनामूल्य उपचार करीत. कुष्ठरोगावर त्यांनी औषध शोधले, मात्र त्याचे सूत्र जाहीर केले नाही. त्यावरून झालेली टीका अनाठायी म्हणता येणार नाही. रुग्णांतून सवड काढून ते अजिंठ्याचे शिलालेख वाचीत, जुनी नाणी आणि हस्तलिखिते जमवीत.

मुंबईचे पहिले सार्वजनिक संग्रहालय १८५७ साली कोटातील टाऊन बॅरॅक्समध्ये सुरू झाले होते. त्याच वर्षी उठाव झाला, लष्कराने बराकी ताब्यात घेतल्या आणि संग्रहाची नासधूस झाली. पुन्हा उभारणी करायची, तीही स्वतंत्र इमारतीत, असा ध्यास जॉर्ज बर्डवुड, नाना शंकरशेट आणि भाऊ दाजी यांनी घेतला. लोकवर्गणी जमू लागली. १९ नोव्हेंबर १८६२ रोजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांनी कोनशिला बसविली. ते दिवस कापसाच्या तेजीचे होते. अमेरिकेतील यादवी संपताच १८६५ मध्ये शेअर बाजार कोसळला, अनेक धनिक धुळीस मिळाले आणि इमारतीचे काम रखडले. भाऊंचीही कमाई त्यात बुडाली. नाना तर त्याच वर्षी निवर्तले.

अखेर २ मे १८७२ रोजी संग्रहालय जनतेसाठी खुले झाले, पण व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट यांच्या नावाने. मधोमध उभा राहिला डेव्हिड ससून यांनी दिलेला राजपुत्र अल्बर्टचा संगमरवरी पुतळा. दोनच वर्षांनी, ३१ मे १८७४ रोजी, पक्षाघाताने जर्जर झालेल्या भाऊंचा मृत्यू झाला.

पुढे इमारतीस अवकळा आली. दीर्घ जीर्णोद्धारानंतर २००८ साली ती पुन्हा खुली झाली. बाहेर उभा असलेला दगडी हत्ती मूळचा घारापुरीचा. तो विलायतेस नेताना भंगला, म्हणून मुंबईतच राहिला. संग्रहालयात जाल तेव्हा तोही निवांत पाहावा.